अर्ध्या सेकंदाचा भाव : ‘ग्लॅडिएटर्स’मध्ये नेमके कोण कोणाशी खेळते?

‘ग्लॅडिएटर्स’ हा ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रम पहिल्यांदा पाहणाऱ्याची एक गफलत हमखास होते आणि ती माझीही झाली होती. एका चौथऱ्यावर एखादा धिप्पाड ‘ग्लॅडिएटर’, म्हणजे कार्यक्रमाचा कायमचा पैलवान, उभा असतो. समोरच्या चौथऱ्यावर लाल किंवा निळ्या पोशाखात एखादा साधा नोकरदार माणूस, म्हणजे ‘आव्हानवीर’, असतो, जो व्यायामशाळेत घाम गाळून आणि निवड चाचणीतून तावून सुलाखून इथवर आलेला असतो. दोघांच्या हातात दोन्ही टोकांना मऊ गाद्या लावलेले दांडके असतात. शिट्टी वाजते, तीन-चार तडाखे बसतात आणि नोकरदार माणूस खाली कोसळतो. प्रेक्षक म्हणतो, संपले, हा हरला. मात्र कार्यक्रमाच्या शेवटी हाच माणूस विजेता म्हणून हात उंचावताना दिसतो. मग नवख्या प्रेक्षकाला वाटते की मधले काहीतरी आपल्या नजरेतून सुटले.

सुटलेले काही नसते. आपण चुकीच्या जोडीकडे पाहत असतो. आव्हानवीर आणि ग्लॅडिएटर यांच्यातली झुंज डोळ्यांत भरते हे खरे, पण निकाल तिच्यावर लागत नाही. निकाल लागतो तो लाल आणि निळा या दोन आव्हानवीरांमध्ये, आणि संपूर्ण कार्यक्रमात ते एकमेकांना क्वचितच हात लावतात. ग्लॅडिएटर हे घरचे पैलवान. ते दर आठवड्याला तिथेच असतात. त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत, ते बादही होत नाहीत आणि पुढच्या फेरीतही जात नाहीत. या कार्यक्रमाच्या चाहत्यांचे वर्षानुवर्षे चाललेले वाद ऐकले, तर त्यातले निम्मेअधिक याच विचित्र रचनेतून निघालेले असतात. म्हणून ती रचना आधी नीट समजून घेतलेली बरी.

कल्पनेचे मूळ अमेरिकेतले. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ईरी या शहरात जॉनी फेरारो आणि डॅन कार या दोघांनी १९८२ मध्ये एका शाळेच्या व्यायामशाळेत असा सामना भरवला होता. त्याचा ‘अमेरिकन ग्लॅडिएटर्स’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम झाला १९८९ मध्ये, आणि तो १९९६ पर्यंत चालला. ब्रिटनमध्ये आयटीव्ही या वाहिनीवर १० ऑक्टोबर १९९२ रोजी तो सुरू झाला, बर्मिंगहॅमच्या बंदिस्त क्रीडागारात चित्रित होत राहिला आणि १ जानेवारी २००० रोजी त्याचा शेवटचा भाग दाखवला गेला. २००८ मध्ये दोन्ही देशांत त्याला नव्याने उभे करण्याचा प्रयत्न झाला, पण तो फार काळ टिकला नाही. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये बीबीसीने शेफील्डच्या क्रीडागारातून तो पुन्हा आणला. पुढचे विवेचन मुख्यतः ब्रिटिश कार्यक्रमाचे आहे, कारण हिशेबाची गंमत मला त्यात अधिक स्वच्छ दिसते.

दर भागात दोन पुरुष आव्हानवीरांचा एक सामना आणि दोन स्त्री आव्हानवीरांचा दुसरा सामना होतो. आधी चार-पाच खेळ ग्लॅडिएटरांविरुद्ध होतात आणि त्यांतून गुण मिळतात. शेवटी ‘एलिमिनेटर’ नावाची अडथळ्यांची शर्यत असते. तिच्यात ग्लॅडिएटर नसतो, फक्त लाल आणि निळा धावतात, आणि जो आधी पोचेल तो जिंकतो. साहजिकच प्रश्न येतो की, शर्यतच सगळे ठरवणार असेल तर आधीचे खेळ कशासाठी? उत्तर असे की, आधीचे गुण शर्यतीत वेळेच्या रूपाने वटवले जातात आणि भाव ठरलेला असतो, एका गुणाला अर्धा सेकंद. ज्याचे गुण जास्त तो आधी सुटतो. दुसरा, फरकाच्या निम्मे सेकंद थांबून.

हा हिशेब कागदावर एकदा मांडून पाहू. सामना स्त्रियांचा, आणि आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. ‘वॉल’ या खेळात दोन्ही आव्हानवीर एकाच वेळी उंच भिंत चढतात आणि त्यांना पकडायला दोन ग्लॅडिएटर मागून येतात. आधी माथ्यावर पोचेल त्याला १० गुण आणि नंतर पोचेल त्याला ५. समजा लाल आधी पोचली, निळी नंतर. दांडक्यांच्या द्वंद्वात, म्हणजे ‘ड्युएल’मध्ये, ग्लॅडिएटरला पाडले तर १० आणि वेळ संपेपर्यंत नुसते टिकून राहिले तरी ५. लाल टिकली, निळी पडली. ‘हँग टफ’मध्ये छताला टांगलेल्या कड्यांवरून लोंबकळत पलीकडच्या चौथऱ्यापर्यंत जायचे असते आणि ग्लॅडिएटर समोरून येऊन पायांची कातरी घालून खाली ओढतो. तिथे निळी १० गुण घेऊन पोचली, लाल मधेच ओढली गेली. ‘पॉवरबॉल’मध्ये धावत चेंडू पिंपांत टाकायचे असतात, लालला समजा ७ मिळाले आणि निळीला २. बेरीज केली तर लाल २२ आणि निळी १७.

चारपैकी तीन खेळ लालने मारले. फरक ५ गुणांचा, म्हणजे आघाडी अडीच सेकंदांची. कड्यांवर लाल पोचली असती, तर तिचे ३२ झाले असते आणि आघाडी साडेसात सेकंदांची. त्या एका क्षणी ग्लॅडिएटरने तिचा पाय धरला, तेव्हा तिचे पाच सेकंद गेले. ग्लॅडिएटरचे काम नेमके हे आहे. तो स्वतः काही मिळवत नाही, फक्त कोणाला तरी काही मिळू देत नाही.

यातून एक गमतीदार गोष्ट निघते, ती चाहत्यांच्या गप्पांतही फारशी येत नाही. ग्लॅडिएटर जितका अजिंक्य, तितका तो निकालाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा. १९९०च्या दशकात ‘शॅडो’ नावाचा ग्लॅडिएटर ड्युएलमध्ये दरारा ठेवून होता. असा माणूस लाल आणि निळा, दोघांनाही काही सेकंदांत खाली पाडतो. दोघांना शून्य, फरक शून्य, तो खेळ झालाच नाही असे समजा! टाळ्या त्याला पडतात, पण सामन्यातून तो खेळ त्याने पुसून टाकलेला असतो. उलट, एकाला पाडणारा आणि दुसऱ्यासमोर पाय घसरणारा मध्यम कुवतीचा ग्लॅडिएटर सामन्याचे पारडे फिरवून जातो. ‘सर्वांत भारी ग्लॅडिएटर कोण?’ हा प्रश्न चाहत्यांना फार प्रिय आहे, पण विजेता ठरण्याशी त्या प्रश्नाचा संबंध जवळपास नाही, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, तो कधी संपत नाही.

टिकून राहिल्याचे ५ गुण हाही असाच वादाचा विषय आहे. गावच्या जत्रेतल्या मैदानात मोठ्या इनामाची कुस्ती बरोबरीत सुटली की मंडळी कुरकुरतात, कारण निकाली कुस्ती पाहायला ती आलेली असतात. काही चाहत्यांचा ड्युएलमधल्या बचावावर तोच आक्षेप असतो. त्यांचे म्हणणे असे की, माणूस नुसता वाकून, दांडका आडवा धरून वेळ काढतो आणि त्याला निम्मे गुण मिळतात. मला हा आक्षेप पटत नाही. समोरचा माणूस तुमच्यापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जड असेल, रोज तेच करत असेल, आणि तुम्हाला पाय ठेवायला एवढासा चौथरा असेल, तर वेळ काढणे हेच कौशल्य आहे. शिवाय हिशेबानेही ते आवश्यक आहे. फक्त विजयालाच गुण ठेवले असते, तर बहुतेक सामन्यांत दोन्हीकडे शून्यच दिसले असते आणि सगळे ओझे शेवटच्या शर्यतीवर पडले असते.

आता भाव अर्ध्या सेकंदाचाच का? एका गुणाला पूर्ण सेकंद दिला, तर २० गुणांची आघाडी म्हणजे २० सेकंद, आणि मग मागच्या खेळाडूने धावायलाही नको. उलट गुणाला सेकंदाचा दहावा भाग दिला, तर दोन सेकंद मिळतात, जे पहिल्याच अडथळ्यावर पाय अडखळला की संपतात, आणि आधीच्या सर्व खेळांना काडीची किंमत राहत नाही. अर्धा सेकंद हा मधला मुक्काम आहे. त्यात मोठी आघाडी खरोखर मोठी वाटते, पण एक चूक ती बुडवू शकते.

ही पद्धत दूरचित्रवाणीची करामत आहे असे समजू नये. ऑलिम्पिकमध्येही ती आहे. हिवाळी ऑलिम्पिकच्या नॉर्डिक कम्बाइन्ड या खेळात आधी उतारावरून स्कीवरची लांब झेप होते आणि नंतर बर्फावरची लांब पल्ल्याची शर्यत. वैयक्तिक स्पर्धेत उडीतले १५ गुण म्हणजे शर्यतीतले १ मिनिट, म्हणजे एका गुणाला चार सेकंद. नॉर्वेच्या गुंडर गुंडरसेन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये शेवटच्या धाव-आणि-नेमबाजीच्या टप्प्यात एका गुणाला एक सेकंद असा सरळ भाव असतो. दोन्हींकडे फायदा एकच, आकडेमोड शर्यत सुटण्यापूर्वी उरकलेली असते. पावसाने सामना थांबल्यावर डकवर्थ-लुईसचा आकडा पडद्यावर येईपर्यंत आपण जसे एकमेकांची तोंडे पाहत बसतो, तसे इथे होत नाही. आधी पोचला तो जिंकला, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते.

इथे आणखी एक घोटाळा टाळला पाहिजे. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरची ‘हँडिकॅप’ शर्यत ज्यांना माहीत आहे, त्यांना सवलत म्हणजे दुबळ्याला दिलेला हात, असे वाटते. तिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून बाकीच्यांना बरोबरीत आणतात. एलिमिनेटरमधली सवलत नेमकी उलटी आहे. ती आधीच चांगल्या ठरलेल्याला मिळते. तिचा हेतू दोघांना समान करण्याचा नाही, कमावलेले हातात देण्याचा आहे.

ती आघाडी कुठे जाते, हे पाहण्यासारखे असते. शर्यतीत दोरांची जाळी चढायची, झिपलाइनवरून खाली यायचे, डोक्यावरच्या पेडलांना हाताने फिरवत लोंबकळत पुढे सरकायचे, अरुंद फळीवरून तोल सांभाळत जायचे, असे टप्पे असतात, आणि अगदी शेवटी येतो ‘ट्रॅव्हलेटर’. हा चढता पट्टा असतो, पण तो आपल्या अंगावर, खाली सरकतो. ताज्या पायांनी तो चढणे फार अवघड नाही. इथे मात्र मिनिटभराहून अधिक काळ हातांनी आणि पायांनी केलेल्या मेहनतीनंतर तो येतो. दंड भरून आलेले, बोटांतली पकड गेलेली. पहिली तीन-चार पावले वेगात पडतात, मग माणूस वरच्या कडेपासून हातभर अंतरावर येतो, आणि तिथे पाय पट्ट्याच्याच वेगाने चालू लागतात. तो ना वर जातो ना खाली. मग गुडघा टेकतो, आणि पट्टा त्याला सामानाच्या बोचक्यासारखा पुन्हा तळाशी आणून सोडतो. अनुभवी चाहते सांगतात की, तळाशी आल्यावर लगेच दुसरा प्रयत्न करणारा बहुधा पुन्हा घसरतो. श्वास घेऊन, चार पावले मागे येऊन धावणारा पोचतो. पण पाठीमागून दुसरा झिपलाइनवरून येताना दिसत असतो आणि थांबायला मन होत नाही. गुणांतून मिळवलेले साडेसात सेकंद इथे एका घसरणीत जातात.

म्हणूनच ‘गुणांना अर्थ काय?’ ही तक्रार दर हंगामात उठते. तिच्यात थोडे तथ्य आहे. हातांची ताकद आणि दम एलिमिनेटरमध्ये इतका कस लावतात की, चपळाईने चेंडू टाकणारा किंवा द्वंद्वात डोके लढवणारा खेळाडू मागे पडू शकतो. पण तक्रारदार एक विसरतात. आघाडीवर सुटणारा एकटा धावतो, त्याच्यासमोर कोणी नसते, आणि फळीवर त्याला घाई करावी लागत नाही. मागच्याला मात्र प्रत्येक अडथळ्यावर धोका पत्करावा लागतो. आघाडीचा हा फायदा सेकंदांत मोजता येत नाही.

चाहत्यांचा माझ्या मते सर्वांत रास्त वाद आहे तो नशिबाच्या वाट्याचा. वॉलसारख्या खेळात दोघे एकाच वेळी असतात, पण दोघांमागे येणारे ग्लॅडिएटर वेगळे असतात. ड्युएलमध्ये लालसमोर एक आणि निळ्यासमोर दुसरा असेल, तर दोघांनी एकच परीक्षा दिली असे म्हणता येत नाही. आणि ग्लॅडिएटर हे काही एका साच्यातले नाहीत. बीबीसीच्या चमूतली ‘फायर’ म्हणजे माँटेल डग्लस. ती २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये धावली आणि २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बॉबस्लेमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, उतरली, उन्हाळी व हिवाळी अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनकडून खेळलेली पहिली स्त्री. ‘नायट्रो’ हा धावपटू हॅरी ऐकिन्स-आर्यीटी. ‘फ्युरी’, म्हणजे जोडी ऑन्सली, ही जन्मतः कर्णबधिर असलेली रग्बीपटू. ‘अथीना’ म्हणजे करणजीत कौर बैन्स, पॉवरलिफ्टिंगमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधित्व करणारी पहिली शीख स्त्री. भारतीय घरांतून हा कार्यक्रम पाहिला जातो तेव्हा तिच्या नावाला थोडा जास्त आवाज मिळतो, आणि मिळायलाच हवा. आता यांतली कोणती व्यक्ती कोणत्या खेळात समोर येते, यावर आव्हानवीराचे भवितव्य ठरते. द्वंद्वात वजन आणि खांद्यांची ताकद कामी येते, भिंतीवर हलके शरीर आणि बोटे, कड्यांवर झोक्याची लय. पॉवरलिफ्टर भिंतीवर मागे लागली तर आव्हानवीर सुटकेचा निःश्वास टाकेल; तीच समोर दांडका घेऊन उभी राहिली तर गोष्ट वेगळी.

यावर उपाय म्हणून दोघांना प्रत्येक खेळात एकाच ग्लॅडिएटरसमोर उभे करावे, असे काहीजण सुचवतात. मग दुसरा प्रश्न येतो. दुसऱ्या फेरीत तो ग्लॅडिएटर दमलेला असतो, आणि नंतर येणाऱ्या आव्हानवीराने पहिल्याची झुंज पाहिलेली असते. त्याला किती गुण पुरेत हेही ठाऊक असते. समोरचा आधीच शून्यावर पडला असेल तर त्याने जिंकायला जाण्याऐवजी टिकून राहावे, हे उघड आहे. म्हणजे एक अन्याय काढला की दुसरा त्याच्या जागी येऊन बसतो.

ग्लॅडिएटरांच्या स्वभावाबद्दल मात्र फार गांभीर्याने वाद घालू नये, असे मला वाटते. जुन्या काळचा ‘वुल्फ’ पंचांशी हुज्जत घालायचा, प्रेक्षकांवर गुरगुरायचा. आजचा ‘वायपर’ बोलत नाही, फक्त फणा काढून पाहतो. ‘लेजंड’ स्वतःच्या प्रेमात असतो. ही सोंगे आहेत आणि ती सोंगे म्हणूनच रंगतात. सोंगाखाली खेळ खरा राहतो, तो पंचांमुळे. पहिले पंच जॉन अँडरसन हे स्कॉटिश अॅथलेटिक्स प्रशिक्षक होते. १९८२ मध्ये ५,००० मीटरचा जागतिक विक्रम करणारे डेव्हिड मूरक्रॉफ्ट त्यांच्याच तालमीतले. २०२४ मध्ये अँडरसन गेले. आजचे पंच मार्क क्लॅटनबर्ग यांनी २०१६ मध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आणि युरो स्पर्धेचा अंतिम सामना, दोन्ही सांभाळले. अशा माणसांना उभे करण्यामागे हेतू असतो. आजूबाजूला कितीही नाटक चालले तरी पाय आधी टेकला की नाही, हे सांगणारा आवाज नाटकातला वाटू नये. धोकाही नाटकातला नसतो. ‘जेट’, म्हणजे डायान यूडेल, ही त्या काळची बहुधा सर्वांत लाडकी ग्लॅडिएटर. १९९६ मध्ये ‘पिरॅमिड’ या खेळात पायऱ्यांवरून कोसळून तिच्या मानेला दुखापत झाली आणि तिला कार्यक्रम सोडावा लागला.

अँडरसन यांचे एक वाक्य जुन्या प्रेक्षकांना अजून तोंडपाठ आहे. वॉलसारख्या खेळाआधी ते आव्हानवीराला सांगत की, तू माझ्या पहिल्या शिट्टीला सुटशील, आणि ग्लॅडिएटरला सांगत की, तू दुसऱ्या. भिंतीवर दोन शिट्ट्यांमधले अंतर दहा सेकंदांचे असे. एलिमिनेटरच्या सुरुवातीच्या रेषेवर ते अंतर लाल आणि निळ्याने स्वतः कमावलेले किंवा गमावलेले असते. वरच्या उदाहरणातली निळी तिथे उभी आहे. लाल सुटली आहे, तिची पाठ दिसते आहे, पहिल्या अडथळ्याला तिने हातही घातला आहे. निळीने एक पाय पुढे टेकवला आहे, टाच उचललेली आहे, आणि तिला अडीच सेकंद काहीही करायचे नाही.